हिरव्या डेऱ्यासमोर

आज 21 मार्च. मुंबई-पुण्यातल्या पारशी आणि इराणी घरांच्या उंबऱ्यांवर सकाळीच पांढऱ्या रांगोळीचे ठसे उमटले असतील: मासे, फुले, दिवे. दाराला तोरण, ताटात सेव आणि गोड दही, मग अग्यारीची वाट. जमशेदी नवरोज हा वसंताच्या उंबरठ्यावरचा सण. दिवस आणि रात्र एकमेकांच्या बरोबरीला येतात तेव्हाचा. युनेस्कोने 1999 साली जागतिक काव्यदिनासाठी हीच तारीख निवडली. ज्या जमशेद राजाच्या नावाने हा सण ओळखला जातो, तो भेटतो फिरदौसीच्या 'शाहनाम्या'त. आयुष्याची तीसहून अधिक वर्षे खर्ची घालून फिरदौसीने 1010 मध्ये पुरा केलेला हा सुमारे 50 हजार द्विपदींचा ग्रंथ. सण आणि काव्य असा दुहेरी योग असताना त्यातल्या एका दुर्लक्षित गोष्टीविषयी लिहावे असे आम्हाला वाटते. ती गोष्ट म्हणजे डेरे.

मध्ययुगातली कथाकाव्ये उघडा. भाषा फारसी असो, फ्रेंच असो की स्पॅनिश, राजाच्या डेऱ्याचे वर्णन त्यांत हटकून सापडते. कथा ऐन भरात असते, दोन सैन्ये समोरासमोर उभी असतात, आणि कवी थांबतो. खांब कशाचा, तणावे कशाची, कळसावर काय, कनातीवर काय चितारले आहे, हे सावकाश सांगत बसतो. कधी दहा ओळी, कधी दोनशे. घाईतला वाचक इथे पाने उलटतो. संक्षिप्त आवृत्ती काढणाऱ्याची कात्री सर्वांत आधी इथेच लागते, आणि पाठ्यपुस्तकात हा भाग 'वर्णनपर' म्हणून बाजूला पडतो. आम्हाला हे सोसवत नाही. राजा म्हणजे काय, सत्ता कशावर उभी असते आणि ती कशाने कोसळते, याविषयी या कवींना जे म्हणायचे होते ते त्यांनी याच कापडावर लिहून ठेवले आहे.

शाहनाम्यातली सोहराब-रुस्तमची गोष्ट आपल्याकडे अनेकांना माहीत असते. 1853 साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात पारशी मंडळींनी जो पहिला नाट्यप्रयोग केला तो याच कथेवर होता. पुढे 1963 मध्ये पृथ्वीराज कपूर आणि प्रेमनाथ यांच्या चित्रपटाने ही कथा पुन्हा घरोघरी नेली. बापाने मुलाला न ओळखता मारले, एवढे सर्वांच्या लक्षात असते. पण ओळख कुठे चुकली? तंबूंच्या एका रांगेसमोर.

तो प्रसंग जवळून पाहिला पाहिजे. शिकारीच्या नादात समनगानला आलेल्या इराणी वीर रुस्तमचे तिथल्या राजकन्येशी, तहमीनाशी लग्न झाले. तो निघून गेला, मागे मुलासाठी एक रत्न ठेवून. सोहराब वाढला तो बापाच्या खुणा आईच्या तोंडून ऐकत. वय कोवळे, अंगात मात्र हत्तीचे बळ. त्याचा बेत साधा होता: इराणवर चालून जायचे, नालायक शहा कैकाऊसला गादीवरून खाली ओढायचे आणि तिथे बापाला बसवायचे. इराणशी वैर असलेल्या तूरानच्या राजाने, अफ्रासियाबने त्याला सैन्य दिले ते याच आशेने की बाप-लेक एकमेकांना संपवतील. तहमीनाने आपल्या भावाला सोबत पाठवले होते, कारण त्याने रुस्तमला पाहिले होते. पण रुस्तम एका रात्री वेषांतर करून शत्रूच्या तळावर टेहळणीला आला आणि अंधारात त्याच्या एका गुद्द्याने नेमका हाच मामा गेला. रुस्तमला ओळखू शकणारा सोबतीचा एकमेव माणूस संपला होता.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सोहराब एका कैद्याला घेऊन उंचावर जातो. कैद्याचे नाव हजीर, इराणच्या सरहद्दीवरच्या पांढऱ्या किल्ल्याचा रखवालदार. खरे सांगशील तर खजिना, खोटे बोलशील तर बेड्या, असे त्याला बजावतो आणि खाली पसरलेल्या इराणी तळाकडे बोट दाखवून विचारू लागतो.

तो रंगीबेरंगी किनखापाचा, आत चित्त्याच्या कातड्याच्या राहुट्या असलेला, समोर शंभर हत्ती बांधलेला, निशाणावर सूर्य आणि काठीवर सोन्याचा चंद्र मिरवणारा डेरा कोणाचा? इराणच्या शहाचा. तो काळा, हत्तीच्या निशाणाचा? तूसचा. तो लाल, सिंहाच्या निशाणाचा? गुदर्जचा. उत्तरे खरी येत आहेत, ऐकणाऱ्याचा विश्वास बसत चालला आहे, आणि मग सोहराबचे बोट हिरव्या डेऱ्यावर येते. समोर इराणचे पवित्र काव्यानी निशाण. आत तख्तावर एक पुरुष बसला आहे. बसलेला असूनही त्याचे डोके भोवती उभ्या असलेल्यांपेक्षा वर आहे. शेजारी त्याच्याच तोलाचा घोडा, खोगिरावरून पायापर्यंत लोंबणारा फास. निशाणावर अजगर, भाल्याच्या टोकावर सोन्याचे सिंहमुख.

हा रुस्तम. इराणातल्या पोरासोराला हे कळले असते.

हजीर मनाशी विचार करतो. या पोराने रुस्तमला मारले तर इराणला वाली उरणार नाही. त्यापेक्षा आपण एकटे मेलो तर काय बिघडले? तो म्हणतो, हा कुणी चीनकडून नव्याने आलेला वीर दिसतो. मी तेव्हा किल्ल्यावर होतो, नाव कानावर आले नाही. इथे फिरदौसी दोन ओळींत जे करतो त्यासाठी त्याला हजार वर्षांनीही हात जोडावेत. आईने सांगितलेल्या सगळ्या खुणा सोहराबला समोर दिसत आहेत, पण त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही. त्याला त्या परक्याच्या तोंडून ऐकायच्या आहेत.

पुढे डेऱ्यांची रांग संपत नाही. लांडग्याच्या निशाणाचा गीव. पांढऱ्या रूमी किनखापाच्या डेऱ्यातला शहाचा मुलगा फरीबुर्ज. पिवळा, रानडुकराच्या निशाणाचा गुराझ. सोहराब विचारतो, हजीर सांगतो, आणि वाचकाचा जीव कासावीस होतो, कारण आता प्रत्येक खरे उत्तर त्या एका खोट्याला बळकटी देत असते. शेवटी सोहराब पुन्हा हिरव्या डेऱ्याकडे वळतो. रुस्तमशिवाय इराणी सैन्य येईलच कसे, असे विचारतो. हजीर म्हणतो, गेला असेल आपल्या झाबुलस्तानला, हे दिवस बागेत मैफली करण्याचे आहेत. वसंताचे दिवस. आजच्यासारखे.

आता हा सगळा भाग कापून बघा. सात डेरे, सात रंग, सात निशाणे काढून टाका आणि 'सोहराबने विचारले पण हजीरने खोटे सांगितले' असे एक वाक्य ठेवा. गोष्ट तशीच राहते, पण तिच्यातला जीव जातो. डेऱ्याचा रंग आणि निशाण ही लढाईतल्या माणसाची सही असते. पाच कोसांवरून हा कोण, हे कळावे म्हणून ती असते. फिरदौसीने ती सही पानभर, ठळक, रंगीत काढली आणि मग दाखवले की वाचून सांगणाऱ्याने एक नाव गाळले तर सगळ्या जगाला ओळखता येणारा माणूसही अनोळखी होतो. हे आमच्या मते शाहनाम्यातले सर्वांत भेदक वर्णन आहे. आज कुणी मुलांना ही कथा सांगणार असेल तर त्याने रंगांसकट सांगावी, एकही डेरा न गाळता.

पश्चिमेकडच्या कवींनी डेऱ्याकडून वेगळेच काम करून घेतले. तिथला नायक सिकंदर. बाराव्या शतकात फ्रेंचमध्ये त्याच्यावर जे मोठे काव्य झाले, त्याच्या बारा अक्षरी ओळीला फ्रेंच छंदशास्त्रात आजही सिकंदराच्याच नावाने ओळखतात. त्या काव्यात सिकंदराचा डेरा येतो आणि डेऱ्याच्या चार अंगांवर चार चित्रे: वर्षाचे बारा महिने, पृथ्वीचा नकाशा, हर्क्युलिसची पराक्रमगाथा आणि ट्रॉयचे युद्ध. त्याआधी, 1150 च्या सुमाराच्या थीब्जवरच्या काव्यातही अद्रास्तस राजाच्या डेऱ्यावर पृथ्वीचे पाच पट्टे होते: मधला होरपळलेला, दोन टोकांचे गोठलेले आणि माणसाला राहण्याजोगे दोन. पण या परंपरेचा कळस गाठला तो तेराव्या शतकातल्या एका स्पॅनिश कवीने. त्याचे 'सिकंदराचे पुस्तक' दहा हजारांहून जास्त ओळींचे आहे. फ्रेंच काव्यातला डेरा त्याने घेतला आणि कथेच्या पार शेवटी नेऊन उभा केला, बाबिलोनला.

त्या डेऱ्याच्या छतावर देवदूतांचे पतन आहे, आदम आहे, जलप्रलय आहे, बाबेलचा बुरूज आहे. खाली कनातींवर महिने, जुने वीर, पृथ्वी आणि शेवटी स्वतः सिकंदराची दिग्विजयगाथा. म्हणजे आत बसलेल्या माणसाने मान वर केली की सृष्टीचा आरंभ दिसावा आणि डावी-उजवीकडे पाहिले की आपलेच नाव. काळ, भूगोल, इतिहास, सगळे सुतात विणून माणसाने अंगाभोवती गुंडाळून घेतले आहे. आणि हे वर्णन संपते न संपते तोच कवी विषाचा पेला पुढे आणतो. ख्रिस्तपूर्व 323 मध्ये बाबिलोनला सिकंदर मेला हे त्याच्या श्रोत्यांना ठाऊकच होते. त्यांना ठाऊक असलेल्या मृत्यूच्या दारात कवीने अख्खे जग उभे केले. दोन्हींच्या मध्ये फक्त एका कनातीचे अंतर.

त्या कनातींतल्या महिन्यांपाशी थोडे रेंगाळावेसे वाटते. जगज्जेत्याच्या डेऱ्यावर बारा महिने कसे दाखवावेत? कवीने तिथे शेतकरी काढले आहेत. जानेवारी भरल्या ताटाशी बसला आहे, फेब्रुवारी आगीपाशी हात शेकतो आहे. मार्चला द्राक्षाच्या मळ्यातल्या कामाची घाई आहे. मे फुलांचा मुकुट घालून. मग कापणी, मळणी, द्राक्षांची तोड, ओकच्या फळांवर पोसलेली डुकरे आणि डिसेंबरात त्यांची कत्तल. युरोपातल्या चर्चच्या दगडी चौकटींवर आणि प्रार्थनेच्या पोथ्यांत महिने असेच कोरलेले, रंगवलेले असत. कवीने ते तिथून उचलले. पण सिकंदराच्या डेऱ्यात आल्यावर त्यांचा अर्थ बदलतो. ज्याने बारा वर्षे लढाईखेरीज ऋतू पाहिला नाही त्याच्या डोळ्यांसमोर छाटणी, कापणी, मळणी चालू आहे, त्याच्याशिवाय आणि त्याच्यानंतरही.

नकाशाचेही तसेच. तीन खंड, समुद्र, नद्या, नगरे. मोठमोठी नावे येत राहतात. आणि मग त्या पृथ्वीवर कवी हळूच आपला मुलूख काढतो: ताहो, द्वेरो आणि एब्रो या तीन नद्या, कोगोया आणि मोंकायो हे दोन डोंगर. सिकंदर स्पेनला कधी गेला नाही. त्याला या डोंगरांची नावेही ठाऊक नसतील. पण स्पेनमधल्या श्रोत्याने ते डोंगर रोज उन्हात पाहिलेले होते आणि आपला डोंगर बाबिलोनच्या डेऱ्यावर ऐकताना तो नक्की सावरून बसला असेल. विठ्ठल-रखुमाईच्या लग्नाच्या गाण्यात मांडवाला आपल्याच परसातल्या आंब्याचे डहाळे लावणाऱ्या आपल्या बायकांना हे कळेल.

हे डेरे केवळ कल्पनेतले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. मध्ययुगातला राजा एका जागी बसून राज्य करत नसे. तो फिरे, आणि दरबार त्याच्याबरोबर फिरे. 1157 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाला नजराण्यात जो डेरा धाडला तो यंत्रांच्या मदतीशिवाय उभाच करता येत नसे, असे त्या काळच्या इतिहासकाराने लिहिले आहे. 1404 मध्ये समरकंदला गेलेल्या कास्तीलच्या वकिलाने, क्लाविहोने, तैमूरचा डेरा पाहिला: बारा खांब, पाचशेहून अधिक लाल दोर, आणि दुरून बघणाऱ्याला किल्लाच वाटावा अशी उंची. अबुल फजलने 'आईने अकबरी'त हिशेबच मांडून ठेवला आहे. बादशाही तळाच्या सामानाला 100 हत्ती, 500 उंट, 400 गाडे आणि 100 हमाल लागत. माणसे म्हणाल तर 1,000 फर्राश, 500 बेलदार, 100 पाणके, 50 सुतार, शिवाय तंबू शिवणारे, मशालजी, कातड्याचे काम करणारे आणि 150 झाडूवाले. दहा हजार माणसे मावतील असा थोरला डेरा उभारायला हजार फर्राशांना यंत्रे लावून आठवडा लागे.

हे आकडे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर आपल्या गल्लीतला मांडववाला येतो. पहाटे टेम्पोतून कापडाचे गठ्ठे उतरतात. जमिनीवर एक चुरगळलेला, धुळकट ढीग पडलेला असतो. त्यात राजेशाही काही दिसत नाही. मग पहारीने खड्डे पडतात, मेखा ठोकल्या जातात, दोघे-तिघे दोर धरून मागे रेलतात, कापडाच्या पोटात वारा शिरतो आणि बघता बघता ढीग जमीन सोडतो. एकजण फिरून एकेक तणाव आवळत जातो, अंगठ्याने दोर वाजवून बघतो. अर्ध्या तासापूर्वी जिथे रस्ता होता तिथे आता आत आणि बाहेर असे दोन भाग झालेले असतात. डेऱ्याची सगळी जादू या एका क्षणात आहे. दगडी वाड्याला तो क्षण नसतो. कापड उभे राहते ते ओढून धरल्यामुळे, आणि ओढून धरणारे हात कधी आत बसणाऱ्याचे नसतात. बाबिलोनच्या डेऱ्याचे दोनशे ओळींचे वर्णन वाचून संपले तरी मेख ठोकणारा तिथे दिसत नाही. अबुल फजलने निदान त्याची मोजदाद तरी केली.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातली एक कवयित्री या थाटाला अगदी वेगळ्या बाजूने भिडते. तिचे नाव मारी द फ्रान्स, आणि तिचे 'लानव्हाल' हे छोटे काव्य. आर्थर राजा सर्वांना जमिनी आणि बायका वाटतो, फक्त लानव्हाल या परमुलखातल्या शिलेदाराला विसरतो. कंगाल झालेला लानव्हाल गावाबाहेर घोडा सोडून ओढ्याकाठी आडवा होतो. दोन तरुणी येतात आणि त्याला एका डेऱ्यापाशी नेतात. कळसावर सोन्याचा गरुड. मारी म्हणते, राणी सेमिरामिस किंवा सम्राट ऑक्टेव्हियन आला असता तरी त्याला या डेऱ्याची उजवी झडप विकत घेता आली नसती. आत जी बसली आहे ती लानव्हालसाठीच दूरदेशाहून आली आहे. कापडाची किंमत सांगून मारीने आर्थरच्या दरबाराची किंमत केली. राजाने ज्याला वगळले त्याच्यासाठी राजाहून मोठा डेरा रानात उभा आहे, आणि तो बांधणारी एक स्त्री आहे. इथे नकाशा नाही, इतिहास नाही, कुणाचा पराक्रम चितारलेला नाही. आत फक्त वाट बघणारे कुणीतरी. आम्हाला हा डेरा सिकंदराच्या डेऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

हे सगळे परमुलखातले म्हणून सोडून देता येत नाही, कारण ही भाषा आपल्याकडेही बोलली जात होती. शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांत फरासखाना होता, डेरे आणि बिछायतींचा. पुण्यात बुधवार पेठेतल्या पोलीस ठाण्याच्या नावात तो शब्द अजून आहे. आणि 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले त्यात पहिला वार कापडाने झाला होता. कृष्णाजी अनंत सभासदाने 1697 च्या सुमाराला जिंजीला बसून लिहिलेल्या बखरीत भेटीच्या सदरेचे वर्णन आहे: डेरे, असमानगिऱ्या, लोड-तिवाशा, मोत्यांच्या झालरी. अफझलखान सदरेत येतो आणि ते पाहून संतापतो. शहाजीच्या लेकाकडे हे सामान आले कोठून, बादशहाकडेही असे नाही, असा त्याचा सूर. त्यावर महाराजांचे वकील पंताजीपंत त्याला शांत करतात: पातशाही माल पातशहाच्याच घरी जायचा आहे, त्याची एवढी चिंता कशाला? अज्ञानदासाच्या पोवाड्यातही खानाच्या तोंडची पहिली हेटाळणी सदरेच्या पातशाही थाटावरूनच निघते.

आपण वाघनखांपाशी लवकर पोचायला उतावीळ असतो. शाहीरही तिथेच डफावर थाप मारतो. पण सभासद आणि अज्ञानदास दोघांनाही त्या झालरी सांगाव्याशा वाटल्या, याचा विचार व्हायला हवा. खान मुत्सद्दी होता, डेऱ्याची भाषा त्याला अस्खलित येत होती. मोत्यांची झालर म्हणजे 'आम्ही राजे आहोत' हे वाक्य, आणि त्याने ते एका दृष्टिक्षेपात वाचले. पंताजीपंतांनी लगोलग त्या वाक्याचा अर्थ फिरवून दाखवला: हे आमचे नाही, तुमच्याकडेच यायचे आहे. हजीरने जे हिरव्या डेऱ्याचे केले तेच पंतांनी झालरींचे केले. समोर उघड दिसणारी खूण शब्दाने झाकली. टेकडीवर सोहराबने विश्वास ठेवला, सदरेत खानाने ठेवला. दोन प्रसंगांत साडेसहाशे वर्षांचे अंतर, भाषा वेगळ्या, बाजूही वेगळी, कारण इथे झाकणारे आपले होते. तरी कापड आणि शब्द यांचा डाव तोच.

हजीरच्या उत्तरांनी भागले नाही तेव्हा सोहराब टेकडी उतरला. त्याने चिलखत चढवले, घोडा थेट कैकाऊसच्या तळावर घातला आणि भाल्याच्या एका फटक्यात शाही सरापर्द्याच्या, म्हणजे डेऱ्याभोवतीच्या कनातीच्या, सत्तर मेखा उपटून काढल्या. फिरदौसीने आकडा दिला आहे: सत्तर. शंभर हत्ती, सूर्याचे निशाण, सोन्याचा चंद्र आणि किनखाप हे सर्व त्या मेखांवर ताणलेले होते, आणि एक पोरगा त्या एका झटक्यात उखडून टाकतो. सरापर्द्याची एक बाजू खाली बसते. शहा रुस्तमला बोलावणे धाडतो. हिरव्या डेऱ्यातून रुस्तम निघतो, नाव विचारले तरी सांगत नाही, आणि पुढचे आपल्याला माहीत आहे. सोहराबच्या दंडावर ते रत्न सापडते, पण तोवर खंजीर छातीत गेलेला असतो.

मग तळावर काय होते, हे फारसे कुणी सांगत नाही; गोष्ट बहुधा बापाच्या आक्रोशावर संपवतात. फिरदौसी पुढे जातो. मुलाचे शव मैदानातून तळाकडे आणले जाते आणि डेऱ्यांना आग लावली जाते. राहुट्या, सात रंगांचा किनखाप, मोलाचे तख्त, त्यावरची चित्त्याची कातडी, एकेक करून आगीत जाते. ज्या रंगांकडे बोट दाखवून सोहराबने बाप विचारला होता ते सगळे रंग जळतात, आणि रुस्तम धुळीत बसून ते बघत राहतो.